सर एडवर्ड एल्गार आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका

चित्रकाराचें चित्र भिंतीवर राहतें, शिल्पकाराची मूर्ति शतकानुशतकें उभी असते, कवीचें काव्य ग्रंथांत सुरक्षित असतें. परंतु वाद्यांतून निघालेला स्वर क्षणभर कानावर पडतो आणि हवेंत विरून जातो. हजारों वर्षें मनुष्यानें ही गोष्ट अपरिहार्य म्हणून मान्य केली होती. तानसेन कसा गात असे किंवा बेथोव्हेन पियानो कसा वाजवीत असे, हें आज कोणासहि ऐकतां येणार नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ध्वनिमुद्रणाची युक्ति निघाली आणि ही अडचण दूर होण्याचा मार्ग मोकळा झाला. तथापि आरंभीं पुष्कळ विद्वान् संगीतज्ञ या यंत्राकडे एक करमणुकीचें खेळणें म्हणूनच पाहत. ज्या थोर पाश्चात्य संगीतरचनाकारानें सर्वांच्या आधीं या खेळण्यावर विश्वास टाकला आणि आपल्या वाद्यवृंदाच्या प्रमुख रचना स्वतः संचालन करून तबकड्यांवर उतरवून ठेवल्या, ते सर एडवर्ड एल्गार होत. जुन्या ध्वनिमुद्रिकांचा संग्रह करणारे लोक त्यांचें नांव आजहि आदरानें घेतात. त्यांचें चरित्र विद्यार्थ्यांस अनेक दृष्टींनीं बोधप्रद वाटेल.

एडवर्ड विल्यम एल्गार यांचा जन्म ता. २ जून १८५७ रोजीं इंग्लंडांतील वूस्टर शहराजवळच्या ब्रॉडहीथ या खेड्यांत झाला. त्यांचे वडील पियानोचे सूर जुळविण्याचा धंदा करीत. वूस्टरच्या हाय स्ट्रीटवर त्यांचें वाद्यांचें व संगीताच्या पुस्तकांचें दुकान होतें, आणि तेथील एका देवळांत ते ऑर्गनहि वाजवीत. सात भावंडांत एडवर्ड हे चौथे. घरांत अन्नवस्त्राची ददात नव्हती, परंतु पैशाची ओढाताण असे. जर्मनींतील लाइप्झिग येथें जाऊन संगीताचें उच्च शिक्षण घ्यावें अशी मुलाची फार इच्छा होती. तो खर्च वडिलांस झेपण्यासारखा नव्हता. पंधराव्या वर्षीं शाळा सोडून एडवर्ड यांस एका वकिलाच्या कचेरींत कामास लागावें लागलें. तेथें त्यांचें मन रमलें नाहीं. सुमारें एका वर्षानें ती नोकरी सोडून त्यांनीं व्हायोलिनच्या शिकवण्या धरल्या आणि वडिलांच्या दुकानांतील पुस्तकें हेंच आपलें विद्यालय मानलें. लंडनच्या एका उत्तम शिक्षकाकडून त्यांनीं व्हायोलिनचे कांहीं धडे घेतले. परंतु रचनेची विद्या त्यांनीं ग्रंथ वाचून, मोठमोठ्या संगीतकारांच्या कृति उतरवून आणि कानांनीं ऐकूनच मिळविली.

१८७९ सालीं पॉविक येथील वेड्यांच्या इस्पितळांतील वाद्यवृंदाचे नायक म्हणून त्यांची नेमणूक झाली. रोग्यांचें मन रमावें म्हणून तेथें नाचाचे कार्यक्रम होत असत आणि वाजविणारे बहुतेक इस्पितळांतील नोकरच असत. जीं वाद्यें हातीं असतील त्यांचा मेळ घालून एल्गार यांस नवीन गती रचाव्या लागत. कोणतें वाद्य कोठें शोभतें, कोठें थकतें आणि कोणत्या वाद्याच्या संगतीनें खुलतें, हें ज्ञान त्यांस या सामान्य जागीं मिळालें. पुढें मोठमोठे वाद्यवृंद त्यांच्या हाताखालीं वाजूं लागले, तेव्हां हीच शिदोरी त्यांच्या कामास आली.

१८८९ सालीं त्यांचा विवाह कॅरोलाइन ॲलिस रॉबर्ट्स या विदुषीशीं झाला. या बाईंचा जन्म १८४८ सालीं कच्छांतील भूज येथें झाला होता. त्यांचे वडील हिंदुस्थानांतील लष्करांत मोठे अधिकारी होते. सेनापतीच्या कन्येनें एका दुकानदाराच्या मुलाशीं, तोहि वयानें आठ वर्षांहून अधिक लहान, विवाह करावा हें त्यांच्या आप्तांस मुळींच पसंत पडलें नाहीं. ॲलिसबाईंनीं मात्र पतीच्या अंगचे गुण जगाच्या कितीतरी आधीं ओळखले होते. छापील स्वरलिपीचा कागद विकत घेण्याची ऐपत नसे तेव्हां त्या पांच टोंकांच्या लेखणीनें साध्या कागदावर रेघा आंखून देत. विवाहानंतर लंडनमध्यें बिऱ्हाड करून पाहिलें, पण तेथें कोणी विचारीना. १८९१ सालीं तीं दोघें पुन्हां आपल्या प्रांतांत परतलीं आणि शिकवण्यांचें जुनें रहाटगाडगें सुरू झालें.

कीर्ति आली ती वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं. ता. १९ जून १८९९ रोजीं लंडनमध्यें हान्स रिश्टर या प्रख्यात संचालकानें त्यांची ‘एनिग्मा व्हेरिएशन्स’ ही कृति प्रथम वाजविली. एकाच मूळ स्वरवाक्याचीं चौदा रूपें करून प्रत्येकांत एल्गार यांनीं आपल्या निकटच्या कोणाचें तरी शब्दचित्र नव्हे तर स्वरचित्र रेखाटलें होतें. पहिलें चित्र पत्नीचें आणि शेवटचें स्वतःचें. १९०४ सालीं त्यांस ‘सर’ हा किताब मिळाला. १९०८ सालीं त्यांची पहिली सिंफनी मँचेस्टर येथें वाजविली गेली. पुढील वर्षभरांत निरनिराळ्या देशांत तिचे सुमारें शंभर प्रयोग झाले. १९१० सालीं फ्रिट्झ क्राइस्लर या व्हायोलिनपटूनें त्यांचा व्हायोलिन कॉन्चेर्टो लंडनमध्यें प्रथम वाजविला, तेव्हां वाद्यवृंदाचें संचालन स्वतः एल्गार करीत होते.

येथें एक गोष्ट स्पष्ट करणें अवश्य आहे. आपल्या संगीतांत गवई हाच गातां गातां निर्माण करीत असतो. रागाचें व तालाचें बंधन पाळून तो दर वेळीं नवीन विस्तार करतो. पाश्चात्य वाद्यवृंदाची पद्धति निराळी आहे. तेथें रचनाकार प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर कागदावर लिहून ठेवतो, आणि पाऊणशें किंवा शंभर वादक त्या लेखाप्रमाणें संचालकाच्या खुणेवर वाजवितात. परंतु लेख कितीहि सूक्ष्म असला तरी त्यांत सर्व कांहीं मावत नाहीं. लय किती चढवावी, कोठें क्षणभर थबकावें, एका स्वरावरून दुसऱ्यावर कसें घसरत जावें, हें कागदास पूर्णपणें सांगतां येत नाहीं. रचनाकार मरण पावला म्हणजे त्याच्या मनांतलें हें रहस्यहि त्याच्याबरोबर जातें, आणि मागील लोक तर्क करीत बसतात. एल्गार यांनीं ध्वनिमुद्रणाकडे वळण्याचें महत्त्व यांत आहे.

त्यांस यंत्रांची भीति कधींच वाटली नाहीं. ते हौसेनें सायकलवरून दूरवर हिंडत. घरीं त्यांनीं रसायनशास्त्राचे प्रयोग करण्यासाठीं एक लहानशी प्रयोगशाळाहि थाटली होती. ता. २१ जानेवारी १९१४ रोजीं ते लंडनमधील ग्रामोफोन कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहांत प्रथम गेले आणि ‘कॅरिसिमा’ नांवाची आपली एक नवी लहानशी रचना त्यांनीं मुद्रित केली. ती अद्याप कोणत्याहि सभागृहांत वाजविली गेली नव्हती. म्हणजे श्रोत्यांच्या आधीं ती यंत्रानेंच ऐकली.

त्या काळीं ध्वनिमुद्रणांत मायक्रोफोन वापरीत नसत. भिंतींतून पुढें आलेल्या एका कर्ण्यासमोर वादकांस अगदीं दाटीवाटीनें बसावें लागे. कर्ण्यांत शिरलेल्या ध्वनीच्या जोरानें एक पातळ पडदा हाले, त्यास जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या तबकडीवर नागमोडी रेघ कोरी, आणि त्या मेणावरून धातूचे सांचे करून तबकड्या छापीत. व्हायोलिनसारख्या कोमल वाद्यांचा स्वर कर्ण्यापर्यंत नीट पोंचत नसे. मोठ्या तंतुवाद्यांचें खर्जाचें काम पुष्कळदां पितळी वाद्यांकडून करून घ्यावें लागे. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांहून अधिक संगीत मावत नसे. १९१६ सालीं मेरी हॉल या व्हायोलिनवादक बाईंसमवेत एल्गार यांनीं आपला व्हायोलिन कॉन्चेर्टो मुद्रित केला, तेव्हां पाऊण तासाहून मोठी ती कृति छाटून छाटून अवघ्या चार बाजूंत बसवावी लागली. स्वतःच्या अपत्याचे असे हातपाय आंखडून घेणें कोणत्या रचनाकारास रुचेल? एल्गार यांनीं रुसून न बसतां ती काटछांट स्वतः केली. अपुरें साधन नाकारण्यापेक्षां त्याच्याकडून होईल तेवढें काम करून घेणें त्यांस शहाणपणाचें वाटलें.

पहिलें महायुद्ध संपलें तेव्हां त्यांचें जग पालटून गेलें होतें. १९१९ च्या ऑक्टोबरांत त्यांचा चेलो कॉन्चेर्टो प्रथम वाजविला गेला. पण पुरेशी तालीम न मिळाल्यामुळें तो प्रयोग फसला. ता. ७ एप्रिल १९२० रोजीं ॲलिसबाई निवर्तल्या. ज्या हातांनीं कागदावर रेघा आंखून दिल्या होत्या ते हात थंडावले, आणि एल्गार यांची लेखणीहि जवळजवळ थांबली. नव्या पिढीची अभिरुचि बदलली होती. त्यांचें संगीत जुन्या जमान्याचें मानलें जाऊं लागलें आणि त्यांच्या कृतींच्या प्रयोगांस कधीं कधीं खुर्च्या रिकाम्या राहूं लागल्या. १९२४ सालीं राजदरबारच्या संगीतप्रमुखाचें पद त्यांस मिळालें खरें, परंतु पूर्वीसारखी मोठी कृति त्यांच्या हातून पुन्हां पूर्ण झाली नाहीं.

अशा उदास काळांत त्यांस नवा उद्योग मिळाला तो ध्वनिमुद्रणाचाच. १९२५ सालीं विजेच्या साह्यानें ध्वनिमुद्रण सुरू झालें. कर्णा जाऊन मायक्रोफोन आला. आतां संपूर्ण वाद्यवृंद प्रशस्त सभागृहांत आपापल्या जागीं बसून वाजवूं लागला आणि त्याचे मंद्र व तार असे दोन्ही स्वर तबकडीवर उमटूं लागले. एल्गार यांनीं वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षापासून आपल्या कृति पुन्हां आरंभापासून मुद्रित करण्यास घेतल्या. १९२६ सालीं ‘एनिग्मा व्हेरिएशन्स’, १९२७ सालीं दुसरी सिंफनी, १९२८ सालीं बिअट्रिस हॅरिसन या वादक बाईंसह चेलो कॉन्चेर्टो, १९३० सालीं पहिली सिंफनी, असें हें काम एकामागून एक होत गेलें. एका सिंफनीस सहा सहा तबकड्या लागत. एक स्वर चुकला तर ती बाजू पहिल्यापासून पुन्हां वाजवावी लागे, कारण मेणावर खोडून दुरुस्त करण्याची सोय नव्हती. दुसऱ्या सिंफनीच्या तालमीचाहि एक तुकडा सुदैवानें शिल्लक राहिला असून त्यांत वादकांस सूचना देणारा एल्गार यांचा आवाज ऐकूं येतो.

या कामांत त्यांचे मोठे साहाय्यकर्ते फ्रेड गायस्बर्ग हे होते. हिंदुस्थानांत १९०२ सालीं कलकत्त्यास येऊन गौहरजान यांचें गाणें प्रथम मुद्रित करणारे गायस्बर्ग ते हेच. त्यांच्या कंपनीनें लंडनमधील ॲबी रोडवर एक जुनें घर विकत घेऊन तेथें ध्वनिमुद्रणगृह बांधलें. ता. १२ नोव्हेंबर १९३१ रोजीं त्याचें उद्घाटन झालें तें एल्गार यांच्याच हस्तें. त्या दिवशीं लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राकडून त्यांनीं आपली ‘फॉल्स्टाफ’ ही कृति वाजवून घेतली. पुढें ह्याच वास्तूंत बीटल्स या गायकमंडळानें आपलीं गाणीं मुद्रित केलीं, म्हणून हल्लीच्या मुलांसहि तिचें नांव परिचित असेल.

क्राइस्लर यांनीं व्हायोलिन कॉन्चेर्टो मुद्रित करावा म्हणून गायस्बर्ग यांनीं पुष्कळ प्रयत्न केला, पण तो योग आला नाहीं. शेवटीं त्यांनीं येहुदी मेन्युहिन या सोळा वर्षांच्या मुलाची निवड केली. पंचाहत्तर वर्षांच्या वृद्धानें आपली अत्यंत जिव्हाळ्याची कृति सोळा वर्षांच्या मुलाच्या हातीं द्यावी, हें कित्येकांस धाडस वाटलें असेल. भेटीच्या दिवशीं आपण थोडेसेंच वाजवितांच एल्गार यांचें पूर्ण समाधान झालें आणि ते घोड्यांच्या शर्यती पाहण्यास निघून गेले, अशी आठवण मेन्युहिन पुढें सांगत असत. १९३२ च्या जुलै महिन्यांत ॲबी रोड येथें हें ध्वनिमुद्रण झालें. यावेळीं कृतींतील एकहि अंश गाळावा लागला नाहीं. पुढच्या वर्षीं हे वृद्ध गृहस्थ विमानांत बसून पॅरिसला गेले आणि तेथें त्याच मुलाबरोबर तो कॉन्चेर्टो त्यांनीं सादर केला.

१९३३ च्या ऑक्टोबरांत शस्त्रक्रियेच्या वेळीं त्यांस असाध्य कर्करोग झाल्याचें आढळून आलें. तिसऱ्या सिंफनीचे आराखडे अर्धवट पडले होते. अंथरुणास खिळलेल्या या रचनाकारास अखेरचा आनंद द्यावा म्हणून गायस्बर्ग व त्यांचे सहकारी यांनीं एक अपूर्व योजना केली. ता. २२ जानेवारी १९३४ रोजीं ॲबी रोडचें ध्वनिमुद्रणगृह आणि वूस्टर येथील त्यांची शयनगृहांतील खाट यांच्या दरम्यान टेलिफोनची तार जोडण्यांत आली. लंडनमध्यें लॉरन्स कॉलिंगवुड हे ‘कॅरॅक्टेकस’ या त्यांच्या जुन्या कृतींतील कांहीं भाग वाजवून घेत होते, आणि शंभर मैलांवर उशीवर डोकें टेकलेले एल्गार तें ऐकून सूचना करीत होते. शरीर क्षीण झालें होतें, वेदना होत्या, तरी कान तितकेच तीक्ष्ण होते. एक भाग त्यांच्या मनाजोगा झाला नाहीं. तो त्यांनीं पुन्हां वाजवावयास लावला. ता. २३ फेब्रुवारी १९३४ रोजीं त्यांचें देहावसान झालें आणि लिटल मॉल्व्हर्न येथें पत्नीच्या शेजारीं त्यांस चिरविश्रांति मिळाली.

त्यांच्या मागें त्या तबकड्यांचें काय झालें, हेंहि सांगण्यासारखें आहे. त्या काळच्या तबकड्यांच्या मिश्रणांत मुख्य चिकट द्रव्य लाखेचें असे, आणि जगाला लागणारी बहुतेक लाख हिंदुस्थानांतूनच जात असे. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर लहानसे किडे जी लाख तयार करतात, जिच्या बांगड्या आपल्या बाजारांत मिळतात, तीच विलायतेस जाऊन एल्गार यांच्या सिंफनीचें वाहन झाली. अशा तबकड्या ठिसूळ असतात. हातून पडल्या कीं कांचेसारख्या फुटतात, आणि पोलादी सुईनें वारंवार वाजविल्यास त्यांची रेघ झिजते. दुसऱ्या महायुद्धांत लाखेची टंचाई पडली तेव्हां अमेरिकेंत जुन्या तबकड्या गोळा करून त्यांच्यापासून नव्या करण्यांत आल्या. किती दुर्मिळ संगीत असें नाहींसें झालें असेल याची कल्पना करवत नाहीं.

१९४८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें व्हिनाइलची दीर्घ वेळ चालणारी तबकडी काढली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावूं लागलें. एल्गार यांचीं जुनीं ध्वनिमुद्रणें त्या तबकड्यांवर व पुढें १९९० नंतरच्या दशकांत कॉम्पॅक्ट डिस्कवर उतरविण्यांत आलीं. हें काम करतांना कंपन्यांजवळील धातूच्या सांच्यांचा उपयोग झाला, आणि जेथें सांचे उरले नव्हते तेथें कोणा हौशी माणसानें कपाटांत जपून ठेवलेली एखादी स्वच्छ तबकडी अशा कामीं उपयोगी पडते. शेजाऱ्यांनीं ज्याच्या छंदास वेडेपणा म्हटलें असेल, त्याच्याच कपाटांतून पुढील पिढीस ठेवा मिळतो.

हा ठेवा केवळ जुना म्हणून मोलाचा नाहीं. एल्गार यांच्या पश्चात् पुष्कळ संचालक त्यांचें संगीत संथ, भारदस्त, राजेशाही थाटांत वाजवूं लागले. मूळ तबकड्या लावून पाहतां भलतेंच ऐकूं येतें. रचनाकाराची स्वतःची लय बहुधा चपळ आहे, ती क्षणोक्षणीं वांकते, कोठें अधीर होऊन धांवते, आणि व्हायोलिनें एका स्वरावरून दुसऱ्यावर हलकेच घसरत जातात. ज्यास आपण गंभीर मिरवणूक समजत होतों, त्यांत एका हळव्या व अस्वस्थ मनुष्याचें अंतःकरण होतें, हें त्या चुरचुरणाऱ्या आवाजांतूनहि कळून येतें. ही साक्ष उरली नसती तर त्यांच्याविषयींचा गैरसमजच सत्य म्हणून चालत राहिला असता.

विद्यार्थिमित्रहो, आज संगीत ऐकण्यास कर्णा लागत नाहीं, सुई लागत नाहीं. खिशांतील यंत्राच्या कांचेवर बोट ठेवतांच जगांतील गाणें ऐकूं येतें. म्हणूनच जुन्या वस्तूविषयीं बेपर्वाई वाढण्याचा संभव अधिक आहे. तुमच्या आजोबांच्या माळ्यावर अथवा जुन्या बाजारांतील एखाद्या ढिगांत धुळीनें माखलेली तबकडी दिसली, तर ती भंगारांत टाकण्यापूर्वीं तिच्यावरील नांव अवश्य वाचा. ती कडेनें धरा, मऊ कोरड्या फडक्यानें पुसा, उन्हापासून दूर, उभी करून ठेवा. तिच्यांत कोणत्या गवयाचा किंवा वादकाचा श्वास सांठविलेला असेल आणि तशी दुसरी प्रत जगांत उरली असेल कीं नाहीं, हें सांगतां येत नाहीं.

दुकानदाराच्या ह्या मुलास विद्यालय मिळालें नाहीं, तेव्हां त्यानें दुकानाचेंच विद्यालय केलें. मोठा वाद्यवृंद मिळाला नाहीं, तेव्हां इस्पितळांतील नोकरांचा मेळ त्यानें आपला मानला. ज्या यंत्रास इतरांनीं खेळणें म्हणून हिणविलें, त्याच्यापुढें तो वीस वर्षें धीरानें उभा राहिला. त्याची तिसरी सिंफनी अपुरी राहिली. पुढें अँथनी पेन या रचनाकारानें त्या आराखड्यांवरून ती पूर्णत्वास नेली, परंतु ती स्वतः एल्गार यांनीं कशी वाजविली असती, हें मात्र आतां कोणासहि ऐकतां येणार नाहीं. पहिल्या दोन सिंफनींच्या बाबतींत तें ऐकतां येतें. या दोहोंतील अंतर ज्यास कळलें, त्यास जुन्या तबकड्या जपून ठेवण्याचें कारण निराळें सांगावें लागणार नाहीं.